होझुमी न्हाव्याच्या गाडीचा मागचा कार्बोरेटर

किर्यू गावात कार्बोरेटर म्हटलं की नेगिशी तोकुजी, आणि नेगिशी तोकुजी म्हटलं की भांडण, हे सगळ्यांना पाठ होतं. म्हातारा ऐंशीच्या पुढे गेला होता, पण नाकावर माशी बसू देत नव्हता. गॅरेज त्याने केव्हाच मुलीच्या, मित्सुएच्या, हवाली केलं होतं. ब्रेक, क्लच, सरकारी तपासणी, गिऱ्हाइकांची रडगाणी, सगळं तीच बघायची. तोकुजीकडे खिडकीजवळचं एक टेबल उरलं होतं आणि त्या टेबलावर फक्त कार्बोरेटर. नव्या गाड्यांना कार्बोरेटर नसतोच, तेव्हा म्हातारा दिवसभर माश्या मारत बसत असेल असं कुणालाही वाटावं. पण जुन्या गाड्यांचे शौकीन ताकासाकीहून, अशिकागाहून, थेट तोक्योहून यायचे आणि फडक्यात गुंडाळलेला ऐवज त्याच्यापुढे ठेवायचे. तो चष्मा कपाळावर सारून बुडाशी ठोकलेला नंबर वाचायचा, वरचे स्क्रू मोजायचा, बोटाने कड चाचपायचा, आणि बहुतेक वेळा त्याचं पहिलं वाक्य असायचं, "हा या गाडीचा नाहीच." माणूस एवढ्या लांबून आलेला असायचा, त्याचं तोंड बघण्यासारखं होई. पण तोकुजीचं बरोबर निघायचं.

त्याचा एक नियम होता. एका वेळी एकच कार्बोरेटर उघडायचा. फेअरलेडीसारख्या जुन्या स्पोर्ट्स गाडीला दोन असतात, पुढचा पुढच्या तीन सिलिंडरांचा आणि मागचा मागच्या तिघांचा, आणि दोघे दिसायला जुळे. प्रत्येकाच्या पोटात एक पिस्टन आणि त्यावर घुमट. पिस्टन घुमटाच्या भिंतीला टेकत नाही, तरी मधून फारशी हवाही निसटू देत नाही, इतका तो बेतून केलेला असतो. ही जोडी कारखान्यात जमते ती जन्माची. एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या घुमटात गेला की गाडीचा सूर गेलाच. म्हणून पहिला धुऊन, जोडून, डब्यात घालून झाकण लावल्याशिवाय तोकुजी दुसऱ्याला हात लावत नसे. दोन एकदम उघडणाऱ्या एका कारागिराला त्याने जेवणाच्या सुट्टीत घरी पाठवलं होतं ते कायमचंच. "ज्या दिवशी माझ्या हातून अदलाबदल होईल," असं तो चारचौघांत सांगायचा, "त्या दिवशी मला म्हाताऱ्यांच्या केंद्रात नेऊन बसवा. मी इतरांबरोबर फुगा टोलवत बसेन."

मित्सुएला त्या फुग्याचीच धास्ती होती. तिच्या भावाने सायतामाहून येताना केंद्राचं रंगीत पत्रक आणलं होतं. त्यावर दहा-बारा म्हातारे खुर्च्यांवर बसून खरोखरच फुगा टोलवत होते, आणि हसत होते. भाऊ वाईट नव्हता. बाबांना ऐकू येत नाही, पेट्रोलची भांडी सभोवती, उद्या काही झालं तर, असं त्याचं म्हणणं. "आता एक जरी चूक झाली की केंद्राचं ठरलं," असं तो बजावून गेला होता. पण आई गेली त्या वर्षी बाबा ज्या टेबलाला धरून उभे राहिले ते टेबल काढून घेतलं तर ते किती दिवस टिकतील, हे मित्सुएला ठाऊक होतं आणि भावाला सांगूनही कळत नव्हतं.

ऑक्टोबरात होझुमीची गाडी आली. होझुमी हा दोन गल्ल्या पलीकडचा न्हावी, तोकुजीहून पाच-सहा वर्षांनी लहान. त्याला चकचकीचा रोग होता. दुकानातले आरसे, वस्तरे, खुर्चीचे पाय, एवढंच काय, दारातल्या फिरत्या खांबाचा पत्रासुद्धा तो रोज पुसायचा. त्याच्या लाल फेअरलेडीवरची कंपनीची अक्षरं पॉलिश घासून घासून जवळजवळ पुसून गेली होती. कार्बोरेटर मात्र तो दर दोन वर्षांनी तोकुजीकडे द्यायचा. या खेपेस शाळेच्या मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळा होता, म्हणून त्याने घाई केली. तोकुजीने काम केलं, गाडी गेली.

सोमवारी न्हाव्यांची सुट्टी. त्या सकाळी होझुमी गाडी घेऊन परत आला आणि इंजिन बंद करायच्या आधीच बोलू लागला.

"काय रे तोकुजी, दुरुस्त केलीस की शेगडी केलीस?"

तोकुजी टेबलावरून वळला. "चहा घेतोस?"

"चहा नको. धूर म्हणतोय मी, धूर. काल धरणापर्यंत गेलो तर मागे एवढा काळा धूर, की ट्रकवाला दिवे मारत होता. चढावर तर हुंदके द्यायला लागली. तिच्यापेक्षा मी चालत लवकर पोचलो असतो."

"बसा ना होझुमीकाका," मित्सुए हात पुसत पुढे आली. "बघते मी काय झालंय ते."

पण होझुमीची नजर फळीवर गेली होती. तिथे अगदी तसेच दोन कार्बोरेटर तयार होऊन बसले होते.

"हे कुणाचे गं?"

"अशिकागाच्या डॉक्टरांचे."

"तेही फेअरलेडीचे? आणि याच आठवड्यात उघडलेले?"

मित्सुएला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायचं धाडस होत नव्हतं.

"झालं तर मग," होझुमी म्हणाला. त्याच्या जिभेला हाड नव्हतंच, पण मनात पाप असायचं नाही. "डॉक्टरांचं पोट माझ्या गाडीला आणि माझं डॉक्टरांच्या. काय रे, फुगा कुठल्या रंगाचा आणू? लाल चालेल? गाडीला शोभेल."

एरवी तोकुजीने त्याला पाना फेकून मारला असता. दोघांची मैत्री अशीच होती. महिन्यातून एकदा तोकुजी त्याच्या खुर्चीत मान मागे टाकून बसायचा आणि गळ्यावर वस्तरा असतानाही त्याच्याशी भांडायचा. पण आज म्हातारा होझुमीच्या ओठांकडे नीट बघत राहिला, ते काय म्हणाले ते त्याला कळलं, आणि तो फक्त म्हणाला, "गाडी ठेव. मित्सुए बघेल. मी हात लावत नाही."

भांडण न मिळाल्याने होझुमी हिरमुसला. थोडा वेळ घुटमळून तो पायीच घरी गेला.

मित्सुएने गाडी आत घेतली. बाबा गिऱ्हाइकावर ओरडले असते तर तिने श्वास सोडला असता. आपलं काम दुसऱ्याला बघू द्यायला ते तयार झाले, याचा अर्थ तिने एकच लावला, अदलाबदल झाली आणि ते त्यांनाही माहीत आहे.

तिने इंजिनचे स्पार्क प्लग काढले. पुढचे तीन छान तपकिरी, मागचे तीन काजळीने काळेकुट्ट. म्हणजे मागच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल जास्त जात होतं. तो तिने उतरवला, मग पुढचा उतरवला, मग फळीवरचे डॉक्टरांचे दोन आणले. चौघांना एकदम उघडणं म्हणजे बाबांचा नियम धाब्यावर बसवणं होतं. म्हणून तिने चार वेगळी ताटं घेतली आणि प्रत्येकावर खडूने खूण केली. बाबा पाठ करून बसले होते. रिकाम्या टेबलावर हात ठेवून ते खिडकीबाहेर बघत होते, आणि बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

आधी तिने बुडाचे नंबर पाहिले. होझुमीचे दोघे एका तुकडीतले निघाले, डॉक्टरांचे वर्षभराने नंतरचे. घुमटांची ठेवणही जराशी वेगळी होती, कड डॉक्टरांच्यात जाड. मग सुया पाहिल्या. पिस्टनच्या पोटातून खाली उतरणाऱ्या या सुईवर बारीक अक्षरं ठोकलेली असतात. होझुमीच्या दोन्ही सुयांवर एकच अक्षर होतं, डॉक्टरांच्या दोघींवर दुसरं. शेवटी तिने भिंग घेतलं. घुमटाच्या आत आणि पिस्टनच्या कडेला, जोडी जमवणाऱ्या कुणा कामगाराने पन्नास वर्षांपूर्वी हत्याराच्या टोकाने ओरखडलेली खूण असते. ती तिने चारही ठिकाणी ताडून पाहिली, आणि विश्वास बसेना म्हणून पुन्हा एकदा पाहिली. प्रत्येक पिस्टन आपापल्याच घुमटात होता. अदलाबदल झालेलीच नव्हती.

तिला इतकं हलकं वाटलं की ती तिथेच एका टायरवर बसली. पण गाडी तर धूर ओकत होती. मग तिने बाबांनीच शिकवलेली परीक्षा केली. पिस्टनची बारीक भोकं मेणाने बुजवायची, त्यावर घुमट घालायचा, सगळं उलटं धरायचं आणि घुमट किती सावकाश घसरतो ते बघायचं, चटकन पडला तर मधून हवा गळते. डॉक्टरांचे दोन्ही शांतपणे उतरले, होझुमीचा पुढचाही तसाच. मागचा मात्र धपकन तिच्या हातात पडला.

तिने तो घुमट दारात, उजेडात नेला. आतली भिंत करड्या, मुक्या रंगाची असायला हवी होती. हिच्यात तिला स्वतःचा डोळा दिसला. गोल गोल, प्रेमाने, दिवसचे दिवस घासून कुणीतरी तिचा आरसा केला होता. आणि या अख्ख्या गावात असं घासणारा माणूस एकच होता.

दुपारी समोरच्या दुकानातून उदोनच्या रुंद शेवया मागवल्या. बाबांनी खणातून कानाचं यंत्र काढून लावलं, कारण जेवताना ते यंत्राशिवाय बसलेले मित्सुएला चालत नसे. तिने घुमट त्यांच्या वाडग्याशेजारी ठेवला.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

तोकुजीने घुमटाकडे पाहिलं आणि उदोनचा घास पुरा केला. "माहीत होतं."

"कधीपासून?"

"किनुए इस्पितळात होती त्या हिवाळ्यापासून." किनुए म्हणजे होझुमीची बायको. तिला जाऊनही आता सहा-सात वर्षं झाली होती. "तिचं ऑपरेशन झालं तेव्हा तू ओसाकाला होतीस. इस्पितळातल्या डॉक्टरांनी होझुमीला सांगितलं होतं, वाचली तर वाचली. हा दुकान बंद करून घरी बसला. बसून काय करणार? गाडी चमकवत बसला. बाहेरची संपली तेव्हा आतली उघडली. कोतात्सूच्या उबदार टेबलावर वर्तमानपत्र पसरून कार्बोरेटर घासला. ती घरी येणार असं कळलं त्या दिवशी तो माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, बघ, आतून सुद्धा आरसा केलाय, किनुए या गाडीतून घरी येणार. माझ्या हातात दिला. मी काय म्हणायचं होतं?"

"काय म्हणालात?"

"म्हटलं, छान झालाय."

मित्सुएने घुमट उचलून पुन्हा एकदा आत पाहिलं.

"एकच घासून झाला होता तेवढं नशीब," तोकुजी म्हणाला. "मग मी बसवला. हवा गळत होती, मागचे तिघे जास्त पेट्रोल पीत होते. पेट्रोल कमी व्हावं म्हणून जेट वर घेतला, पिस्टनचं तेल जाड घातलं, आणि नळी कानाला लावून पुढच्याचा आणि मागच्याचा हवेचा सूं आवाज जुळवला. दुसऱ्या कुणाला जुळला नसता तो. किनुए घरी आली. वाटेत गाडी एकदाही बंद पडली नाही."

"पण नंतर सांगायचंत ना. नवी जोडी घातली असती."

"काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा हा आपल्याकडचा रिवाज. त्याने विचारलं असतं, हा का काढला? आणि किनुए तर येईल त्याला सांगायची, आमच्या यांनी स्वतःच्या हाताने गाडीचं काळीज चमकवलं आणि मला घरी आणलं. तिच्या देखत सांगू? बरं, ती गेल्यावर सांगू?"

मित्सुएने रिकामे वाडगे एकात एक घातले.

"म्हणजे तुमची चूक नाहीच," ती शेवटी म्हणाली.

"अदलाबदलीची नाही. पण या वेळी नळी कानाला लावली आणि काही ऐकूच आलं नाही. यंत्र घातलं तर सगळंच सूं करतं, इंजिन पण आणि भिंत पण. मग मी आठवणीने स्क्रू फिरवला. कान माझे गेलेत, ते काही होझुमीने घासलेले नाहीत."

"मला बोलवायचंत. मी ऐकलं असतं."

"तुला बोलावलं असतं तर तू भावाला फोन केला असतास."

हे तिला लागलं, कारण ते खरं होतं. तिने खरंच केला असता.

माएबाशीच्या एका ओळखीच्याकडे पिस्टन-घुमटाची चांगली जोडी होती, ती तिने मागवली. राहिला प्रश्न होझुमीला काय सांगायचं याचा. तोकुजीचं ठरलं होतं. "माझ्या हातून खराब झाला म्हणून सांगेन."

"आणि तो ते खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगेल. संध्याकाळपर्यंत सायतामात भावाच्या कानावर जाईल. कळतंय का तुम्हाला? मग मी काही करू शकणार नाही, बाबा."

"कळतंय."

"त्याची चूक तुम्ही स्वतःच्या डोक्यावर का घेता?"

"त्याच्याकडे तेवढंच एक उरलंय," तोकुजी म्हणाला, आणि यंत्र काढून खणात ठेवलं. त्याच्याशी वाद संपवायचा हा हल्लीचा मार्ग होता. मित्सुए पुढे बरंच बोलली, पण ते भिंतीला ऐकवण्यासारखंच होतं.

जोडी आली त्या दिवशी होझुमीला निरोप गेला. तो दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात आला, पांढरा कोट तसाच अंगात. येताना बरेच टोमणे तयार करून आला असणार, कारण दारातूनच त्याचं तोंड हसरं होतं. पण आत आला तर तोकुजी टोपी काढून उभा होता. म्हाताऱ्याने दोन्ही हात मांड्यांना लावले आणि कंबरेतून वाकला. एवढं वाकलेलं त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

"होझुमी, तुझा मागचा कार्बोरेटर माझ्या हातून खराब झाला. माफ कर. नवी जोडी मित्सुए बसवून देईल. आजपासून मी या टेबलावर बसणार नाही."

होझुमीचं हसू तोंडावरच राहिलं. "अरे," तो म्हणाला. "अरे, मी गंमत करत होतो."

तोकुजी वाकलेलाच होता. यंत्र खणात होतं आणि त्याला ओठ दिसत नव्हते, तेव्हा त्याला काही कळायचा प्रश्नच नव्हता.

मित्सुएने पांढऱ्या फडक्यावर जुना पिस्टन आणि घुमट मांडून ठेवला होता. रिवाजाप्रमाणे तिने तो होझुमीपुढे सरकवला. तिच्या मनात नेमकं काय होतं हे तिला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. घुमट तिने पालथा घालून आतली बाजू लपवली नाही, एवढं खरं.

काहीतरी करायचं म्हणून होझुमीने घुमट उचलला. बाहेरून पाहिला, कुठे पोचा दिसतो का ते. मग आत पाहिलं. अंगठा आत घालून त्याने भिंतीवरून एक गोल फिरवला आणि तो थांबला. आयुष्यभर धातू घासलेल्या माणसाला आपला हात ओळखायला वेळ लागत नाही.

"मित्सुए, कारखान्यातून हा असाच येतो का गं?"

तिने बाबांकडे पाहिलं. अजून वाकलेले, डोळे जमिनीवर. तिला खोटं बोलता आलं असतं, आणि बाबांना तेच हवं होतं.

"नाही काका. करडा येतो. त्याला चमक नसते."

"आणि चमकवला तर?"

"भिंत झिजते. मधून हवा गळते."

"मग इतकी वर्षं चालली कशी?"

"बाबा कानाने जुळवत होते."

होझुमीने घुमट पुन्हा उजेडाकडे धरला. "तिला आणलं त्या दिवशी पण?"

"त्या दिवशी पण."

त्याने घुमट फडक्यावर ठेवला आणि तोकुजीच्या जवळ जाऊन हळूच म्हणाला, "तोकुजी, माझं चुकलं रे."

तोकुजीने मान वाकडी करून मुलीकडे पाहिलं. "काय म्हणतोय?"

"मी नाही सांगणार," मित्सुए म्हणाली. तिला राग आला होता, नेमका कुणाचा ते तिला कळत नव्हतं. "काका, तुमचं तुम्हीच सांगा. ऐकू जाईल असं सांगा."

होझुमीने दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. समोर उदोनवाली बाई पडदा अडकवत होती आणि पलीकडच्या बाकावर त्याच्या मागोमाग आलेलं त्याचंच एक गिऱ्हाईक आपली पाळी येण्याची वाट बघत बसलं होतं. त्याने गळा साफ केला आणि जरा मोठ्याने म्हटलं. तोकुजीने कानामागे हात नेला. होझुमीने आणखी मोठ्याने म्हटलं. म्हातारा नुसताच बघत राहिला. तेव्हा होझुमीने छाती भरून श्वास घेतला आणि सगळी गल्ली थबकेल अशा आवाजात ओरडला, "गाडी मी बिघडवली! मी घासून बिघडवली! तुझी काही चूक नाही!"

उदोनवाली पडदा हातात घेऊन तशीच उभी राहिली. बाकावरचं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं.

तोकुजी कंबरेवर हात ठेवून सावकाश सरळ झाला.

"हळू बोल रे," तो म्हणाला. "किनुए ऐकेल."

होझुमीने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते आणि पांढऱ्या कोटाच्या बाहीने तो तोंड पुसत होता. मग त्याने नाक शिंकरलं, वळला, आणि म्हाताऱ्याचे दोन्ही खांदे धरून त्याला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं, दुकानात गिऱ्हाइकाला बसवतो तसं, जरा दाबूनच.

"नवी जोडी तूच बसवायची," तो त्याच्या कानाशी ओरडला. "ऐकायचं ते मित्सुए ऐकेल."

तोकुजीने मित्सुएकडे पाहिलं. तिने माएबाशीहून आलेला खोका उघडला आणि टेबलावर त्याच्यापुढे ठेवला.